फॅमिली लिंक, इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट आणि एक पैसे भरून घेतलेलं ॲप: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यावर

नागपुरात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मुलं घरात. पारा ४५ च्या आसपास, दुपारी बाहेर पाठवायची सोय नाही, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात बाकी महाराष्ट्रानंतर, जून संपता संपता. पडदे लावलेले, कूलर चालू आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन. आमचा मुलगा सहावीत, मुलगी नववीत. या सुट्टीत मुलाला घरातला जुना अँड्रॉइड फोन मिळाला, मुलीचा आधीपासूनच होता. तेव्हापासून दिवाळीपर्यंत तीन गोष्टी वापरून झाल्या: मुलाच्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक, मुलीच्या इन्स्टाग्रामवर पालकांची देखरेख, आणि मध्ये काही काळ एक पैसे भरून घेतलेलं 'सगळं दाखवणारं' ॲप. त्याचं नाव लिहीत नाही, कारण याच छापाची बरीच ॲप बाजारात आहेत आणि माझी तक्रार त्या छापाबद्दल आहे.

स्क्रीन टाइम किती कमी झाला, हे सांगायला मी बसलेली नाही. मला बघायचं होतं ते एवढंच की लहान पोरांच्या मागे लागणारी मोठी माणसं माझ्या मुलांपर्यंत पोचतात का, आणि पोचली तर मला कळतं का.

आधी फॅमिली लिंक. फुकट आहे, लावायला सोपं आहे. मुलाचं खातं त्याच्या खऱ्या जन्मतारखेने काढायचं आणि आपल्या खात्याला जोडायचं. रोजची मर्यादा, रात्री फोन बंद होण्याची वेळ, फोन कुठे आहे ते नकाशावर, क्रोममधल्या साइट्स, यूट्यूबची पातळी, सगळं आपल्या फोनवरून ठरवता येतं. जो तो याच्या टायमरचं कौतुक करतो. मला टायमर दुय्यम वाटला. वाईट माणसाला दोन तास लागत नाहीत, वीस मिनिटंही पुरतात. कामाची निघाली ती परवानगीची सोय. मुलाने प्ले स्टोअरवरून काहीही नवीन घ्यायचं म्हटलं की विचारणा आपल्या फोनवर येते, आपण हो म्हटल्याशिवाय ते उतरत नाही. मात्र सेटिंगमध्ये 'सर्व ॲपसाठी' परवानगी निवडलेली आहे ना, ते तपासा. तिथे 'फक्त विकतच्या गोष्टींसाठी' असाही पर्याय आहे, आणि तो निवडलेला असला तर फुकटची चॅटिंग ॲप न विचारता आत येतात.

ही सोय किती कामाची आहे ते ऑगस्टमध्ये कळलं. राखीच्या खरेदीला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले होते, गर्दीत फोन वाजला: मुलाला एक चॅटिंगचं ॲप हवंय. मी काहीच दाबलं नाही. घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर विचारलं, ''हे कशाला पाहिजे रे तुला?''

''भैयाने सांगितलं. गेममध्ये नीट बोलता येत नाही नं.''

''कोणता भैया?''

''अगं, गेममधला. आमच्या स्क्वॉडमध्ये आहे नं तो.''

त्याने लपवायचा जराही प्रयत्न केला नाही, चॅट उघडून माझ्या हातात दिलं. मी वर सरकवत गेले. आधी खेळाचंच बोलणं. मग भैयाने एक स्किन, म्हणजे गेममधल्या खेळाडूचा सजवलेला वेश, भेट दिलेली, बऱ्यापैकी महागडी. मग हिंदीत, रोमन अक्षरांत: शाळा कोणती. कितवीत. 'तेरा रूम अलग है क्या?' मग 'मम्मी-पापा घर कब आते?' आणि शेवटी, इथे नको, त्या ॲपवर ये, तिथे मेसेज आपोआप पुसले जातात. अख्ख्या संभाषणात एकही घाणेरडा शब्द नव्हता. कुठल्याही ॲपने यावर लाल दिवा लावला नसता. पण मोठ्या माणसाने ते एका बैठकीत वाचलं तर पोटात गोळा येतो. मूल एकटं कधी असतं याची चौकशी, फुकटची भेट, आणि मग जिथे कुणी बघत नाही अशा जागी बोलावणं. मुलांना जाळ्यात ओढणारे साधारण याच वाटेने जातात. फोटोची मागणी फार पुढे येते, आणि एक फोटो गेला की धमकी.

तो माणूस खरंच तसा होता का? सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. मला तितकी वाट बघायची नव्हती. आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढले, मग ब्लॉक केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. घाईत ब्लॉक केलं की बऱ्याच ठिकाणी चॅटही दिसेनासं होतं. टोपणनावाखालचा आकडी आयडी वेगळा लिहून ठेवला. टोपणनाव उद्या बदलेल, खात्याचा आकडा सहसा तोच राहतो. मुलाला रागावले नाही. रागावण्यासारखं त्याने केलंच काय होतं? भेट मिळाली, घेतली. त्याच्या बाबांचं म्हणणं होतं की आजपासून गेम बंद. मी म्हटलं, आज गेम बंद केला तर पुढच्या वेळी हा चॅट उघडून हातात देईल का? त्यावर ते गप्प बसले. गेम राहिला, अनोळखी लोकांशी चॅट आणि व्हॉइस बंद झालं.

आणि इथेच फॅमिली लिंकची मर्यादा कळते. ते दारावर उभं राहतं, आत काय चाललंय ते बघत नाही. मेसेज ते दाखवत नाही, तसा त्याचा दावाही नाही. तो गेम मीच मंजूर केलेला होता, त्यामुळे त्याच्या आतली बडबड फॅमिली लिंकच्या हिशोबात नव्हतीच. चॅट बंद करायची कळ गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते आणि प्रत्येक गेममध्ये वेगळ्या कोपऱ्यात. रोब्लॉक्समध्ये पालकाला आपलं खातं मुलाच्या खात्याशी जोडता येतं. गेम खेळणाऱ्यांत चालणारं चॅटिंग ॲप डिस्कॉर्ड, त्याचं फॅमिली सेंटर मूल कुणाशी बोललं ते दाखवतं, काय बोललं ते नाही. एक रविवार काढा, मुलाला शेजारी बसवा आणि एकेक गेम उघडून 'मला मेसेज कोण पाठवू शकतं' ही ओळ शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते फॅमिली लिंकच्या टायमरपेक्षा या ओळीची किंमत जास्त.

तक्रारीचंही सांगते, कारण इथे लोकांचा फार घोळ होतो. सगळ्यांना १९३० पाठ आहे. तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीचा. मुलांसाठी १०९८, चोवीस तास चालतो, आणि तातडीचा धोका असेल तर ११२. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. आम्ही नाव देऊन केली, स्क्रीनशॉट जोडले. पोर्टल काही सुंदर नाही, पण तक्रार जाते.

कायदा आपल्याला वाटतो तितका लंगडा नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या ११ व्या कलमात लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे आणि तिथे इलेक्ट्रॉनिक, डिजिटल माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब कलम आणखी थेट आहे: मुलांना अश्लील कृत्यासाठी ऑनलाइन संबंधात ओढणंसुद्धा त्यात येतं, पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या सोसायटीत 'मुलगा आहे, त्याला काय होणार' हे वाक्य मी ऐकलंय. आणि ज्यांना पोलीस म्हटलं की बदनामी आठवते त्यांच्यासाठी: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, पोलिसाने गणवेशात यायचं नसतं, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. कायद्यातच लिहिलेलं आहे. कुणी उलट सांगितलं तर पॉक्सोचं कलम २३ आणि २४ दाखवा.

आता मुलीचं इन्स्टाग्राम. टीन अकाउंट, म्हणजे अठराच्या आतल्यांसाठीचं बंधनं घातलेलं खातं, भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. खातं आपोआप खाजगी होतं, ज्यांच्याशी आधीपासून जोडलेलं नाही त्यांचे मेसेज येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प, आणि सोळाच्या आत असाल तर या गोष्टी सैल करायला पालकांची परवानगी लागते. देखरेख जोडली की गेल्या सात दिवसांत तिने कुणाकुणाशी मेसेजवर बोललं त्यांची यादी मला दिसते. मजकूर दिसत नाही. सुरुवातीला मला हे अर्धवट वाटलं होतं, आता हेच प्रमाण बरोबर वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीला काय लिहिलं ते मला वाचायचं नाही. पण यादीत नवीन नाव आलं तर 'ही कोण गं?' एवढं विचारायचा हक्क मला पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर असतं 'क्लासमधली', आणि विषय संपतो.

एकदा संपला नाही. तिच्याच वयाच्या मुलीचा फोटो, खातं नवीन, तरी माझ्या मुलीच्या वर्गातल्या बऱ्याच जणी 'म्युच्युअल'मध्ये, म्हणजे दोघींच्या सामाईक ओळखीत. कुणालाच ती प्रत्यक्ष माहीत नव्हती. प्रत्येकीने दुसरीच्या भरवशावर रिक्वेस्ट घेतलेली. ही जुनी युक्ती आहे: दोघी-तिघींनी घेतलं की बाकीच्यांना ओळखीचंच वाटतं. माझ्या मुलीने वर्गाच्या ग्रुपवर सरळ विचारलं, ही कुणाच्या शाळेची? कुणीच बोललं नाही, मग सगळ्यांनी काढून टाकलं. हे तिचं तिने केलं, ॲपने नाही. ॲपने फक्त मला ते नाव दाखवलं होतं.

टीन अकाउंटची मोठी फट म्हणजे जन्मवर्ष. मुलीने खातं काढताना वय वाढवून टाकलेलं असेल तर यातलं काही आपोआप लागू होईलच असं नाही. आधी तेच बघा.

पैसे भरलेल्या ॲपबद्दल थोडक्यात, कारण त्याची तेवढीच लायकी आहे. जाहिरात सांगते: ॲप सगळे मेसेज वाचतं, धोक्याचे शब्द पकडतं, मुलाला कळतही नाही. ते प्ले स्टोअरवर नव्हतं, बाहेरून उतरवायचं, आणि उतरवण्याआधी फोनचं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक ॲप हेरणारी गूगलची सोय, बंद करा म्हणे. ज्या ॲपला राखणदाराला आधी झोपवावं लागतं ते कसलं सुरक्षेचं? तरी पैसे भरले होते म्हणून काही काळ चालवलं. मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणी इंग्रजीत 'किल' लिहिलं की मला सूचना, आणि ते तर गेममधलं किल. स्वतःला रोमन अक्षरांतली हिंदी, जिच्यात आपली पोट्टी दिवसभर बोलतात, मेसेज करून पाहिली: 'फोटो भेज', 'किसी को मत बताना'. ॲप ढिम्म. बॅटरी दुपारपर्यंत संपायची ती वेगळीच. वरून हा प्रश्न राहतोच की माझ्या मुलांचे मेसेज आणि फोटो आता कुणाच्या सर्व्हरवर पडलेत आणि तिथे कोण बसलंय. काढून टाकलं, खातं मिटवायला मेल केला, पैसे परत मिळाले नाहीत.

या तिन्हींच्या बाहेर राहिली ती आजोबांच्या फोनची गोष्ट. मुलाचा फोन रात्री नऊला बंद झाला की तो आजोबांच्या पलंगावर. त्यांच्या फोनला ना पिन, ना कसली मर्यादा, फेसबुक कायम उघडं. आजी म्हणायची, ''गप बसून पायते, पाहू दे नं.'' आता त्यांच्या फोनला पिन आहे, तो पिन आजोबा आठवड्यातून दोनदा विसरतात आणि मला फोन करतात. सुट्टीत मामाकडे, मावशीकडे गेलं की पुन्हा तेच. आपल्या घरातल्या कुलपाचा तिथे काही उपयोग नाही, म्हणून मावशीलाही त्या भैयाचा किस्सा सांगून ठेवलाय.

आणखी एक सोय वापरायची वेळ आली नाही, पण माहीत असावी: टेक इट डाउन. अठराच्या आतल्या कुणाचा उघडा फोटो पसरला किंवा पसरवायची धमकी आली, तर त्यासाठी ही अमेरिकेतल्या एनसीएमईसी या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची मोफत सेवा आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या तशी प्रत शोधून काढतात. नावही द्यावं लागत नाही. मुलीला हे मी सांगितलं तेव्हा तिने फक्त 'बरं' म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने मला लिंक मागितली. का हवी, ते मी विचारलं नाही, लिंक आणि १०९८ दोन्ही पाठवलं, आणि काही असलं तर कधीही घरी ये म्हटलं.

तारे द्यायचे तर फॅमिली लिंकला पाचपैकी साडेतीन, परवानगीच्या सोयीसाठी. टीन अकाउंटला तीन, खरं जन्मवर्ष असेल तर चार. त्या पैसेवाल्या ॲपला एक, तोही फक्त ते सहज निघालं म्हणून. मुलाचा फोन आता रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो, मुलीचाही, आणि तिच्या आग्रहावरून आमचेही.