बीजिंगच्या सहलीत 'मोफत फूट मसाज' असेल तर आधी हे वाचा

वयस्क आईवडिलांना घेऊन चीनला जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय.

बादालिंगला चीनची भिंत चढून-उतरून सगळे दमले होते. गाइडने बस थेट एका 'पारंपरिक चिनी औषध केंद्रा'वर नेली. आईचा उजवा चवडा बरेच महिने दुखत होता. ओट्याशी अनवाणी उभी राहिली की तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी खडा रुतल्यासारखं व्हायचं. पाय शेकायला मिळणार म्हणून ती खूश होती.

लाकडी बादलीत काढ्याचं गरम पाणी, पोटऱ्या दाबायला शिकाऊ मुलं. पाय पाण्यात असतानाच पांढऱ्या कोटातले 'प्रोफेसर' आले, सोबत हिंदी बोलणारी दुभाषी. अशा वेळी पटकन उठून जाता येत नाही, आणि वेळ नेमकी तीच साधतात. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली. "आंटी, आपकी किडनी कमज़ोर है. अभी दवा नहीं ली तो आगे डायलिसिस." आईचा चेहरा पांढराफटक पडला. तीन महिन्यांच्या पुड्या २४०० युआनला, म्हणजे जवळपास २८ हजार रुपये. कार्डाचं मशीन शेजारीच होतं. आई इतकी घाबरली होती की पैसे भरेपर्यंत ती जागची हलेना.

चिनी वैद्यकात हाडांचं पोषण मूत्रपिंडाकडे असतं असं मानतात, त्यामुळे पाय दुखला की मूत्रपिंडाची 'दुर्बलता' सांगणं त्या शास्त्राला धरूनच आहे. पण तिचा डायलिसिसशी काही संबंध नाही. आईला घाबरवलं ते तो संबंध जोडूनच. शिवाय त्या पद्धतीतही चवड्याच्या दुखण्यावर पायावरच काम करतात. तळव्याच्या पुढच्या खळग्यातला 'योंगच्वान' बिंदू, बोटांच्या बेचक्यांतले 'बाफंग' हे आठ बिंदू, तिथे सुया किंवा शेक. या प्रोफेसरांनी आईच्या चवड्याला बोटसुद्धा लावलं नाही. कुठे दुखतं, हेही विचारलं नाही.

पैशांपेक्षा मला भीती वाटली ती पुड्यांची. त्यावर एकाही घटकाचं नाव नव्हतं. चिनी वैद्यकात दुखण्यावर वापरतात ते 'च्वानवू' हे मूळ विषारी बचनागाच्याच कुळातलं. विष कमी करणारं शोधन नीट झालं नसेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि बेल्जियमचं प्रकरण तर प्रसिद्ध आहे. ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये 'फांगजी'ऐवजी 'ग्वांगफांगजी' ही दुसरीच वनस्पती दिली गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हे १९९३ मध्ये उघडकीला आलं. किडनी वाचवायला म्हणून दिलेली निनावी पूड किडनीच घालवू शकते, हो! आईला मी त्यातली एकही पुडी खाऊ दिली नाही.

पुण्यात परतल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला, मग बोटांमधली बेचकी दाबली, तशी आई कळवळली. बोटांकडे जाणारा मज्जातंतू तिथे जाड झाला होता, याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. रुंद पंजाची चप्पल, चवड्याच्या किंचित मागे बसणारं पॅड आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम, एवढ्यावर तिला पुष्कळ आराम आहे. भीती जावी म्हणून रक्तातलं क्रिएटिनिनही तपासलं (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं), व्यवस्थित आलं. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी त्या गरम बादलीत पाय घालूच नयेत; भाजलेलं कळतसुद्धा नाही.

सहल कंपनीने 'खरेदी तुमच्या मर्जीची' म्हणत हात वर केले. चीनच्या पर्यटन कायद्याचं ३५ वं कलम (१ ऑक्टोबर २०१३ पासून लागू) पर्यटकांना दुकानांत नेऊन कमिशन खाण्याला मनाई करतं, आणि सहल संपल्यापासून ३० दिवसांत माल परत करून पैसे मागण्याचा हक्क देतं. त्यासाठी पुरावा लागतो. आम्हाला मिळाला होता नुसता शिक्का मारलेला चिटोरा. 'फापियाओ' ही तिथली अधिकृत पावती, ती मागून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर कार्ड खिशातच ठेवा, आणि बीजिंगमध्ये असतानाच १२३४५ या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.