जिताड्याची पिल्लं: दिवसातून दोनदा खाद्य की चारदा?

जिताडा म्हणजे खाडीतला मासा. त्याचं बीज हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, सोडलं की हा प्रश्न येतोच. आमचं तळं ऐरोलीच्या बाजूला, खाडीला लागून. दोन्ही पद्धती करून पाहिल्या आहेत.

दोनदा देण्यात सोय मोठी, हे आधी मान्य करतो. रबाळ्याला कामावर निघण्याआधी एक खेप, परत आल्यावर दुसरी. रोहू-कटल्याच्या तळ्यात शेणखत पडलेलं असतं, पाण्यात प्लवंग (माशांना खाता येणारे सूक्ष्म जीव) असतं, तिथे एवढं बहुधा पुरतही असेल. जिताडा मात्र शिकारी जातीचा.

दोनदा खाद्य दिलं त्या हंगामात मी वैतागलो तो पिल्लं निवडण्याला. खाद्य पडलं की मोठी तुटून पडतात, बारकी कोपऱ्यात राहतात. आठवडाभरात एकाच हाप्यात दोन बोटांचा मासा आणि चार बोटांचाही. मग आपल्या निम्म्या लांबीचा सोबती मोठ्याला सहज गिळता येतो. एकदा हापा उचलला, तर एका पिल्लाचा जबडा मिटतच नव्हता. आतून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली. दोन्ही गेली. त्यानंतर दर चौथ्या दिवशी घमेली मांडून आम्ही नवरा-बायको लहान-मोठी वेगळी करत बसायचो. कल्ल्याचे काटे बोटांत घुसायचे, आणि हाताळणीने मरायची ती वेगळीच.

पुढच्या वर्षी खाद्य तेवढंच ठेवलं, फक्त चार वाटे केले: सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ऊन उतरताना ५. मधल्या दोन खेपा बायकोने सांभाळल्या. त्या कष्टांचाही हिशेब धरायला हवा. पिल्लं हाताला भरीव लागली, पण वजनाचं ठामपणे सांगत नाही. सगळी जवळपास एका मापाची राहिली, हे मात्र नक्की. निवडणं आठ-दहा दिवसांवर गेलं, शेपटी कुरतडलेली क्वचितच दिसली.

पावसाची झड लागली, ऊन नसलं की पाण्यात प्राणवायू कमी होतो, तेव्हा एखादी खेप गाळा. खाल्लेलं पचवायला प्राणवायू लागतो आणि पहाटे पाण्यात तो आधीच कमी असतो. म्हणून उजाडल्या उजाडल्या खाद्य नको, रात्री तर नकोच. पिल्लं वर येऊन तोंड वासत असतील तर हात आवरा.

दुपारी तळ्यावर कोणीच नसेल तर दोनदाच द्या, पण मोठी पिल्लं वेगळी काढायला रिकामा हापा जवळ ठेवा. एक माणूस जरी मिळत असेल, तर पहिला दीड महिना चारदा द्या, असं मी म्हणेन. वीतभर झाली की आम्हीही दोन वेळांवर येतो.