नंबर घासलेला गियर बॉक्स

निपाणीहून बेळगावला जाऊन मी जुना गियर बॉक्स 9,000 रुपयांना आणला. वरून ताजा चंदेरी रंग मारलेला, खाली नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा. दुकानदार म्हणाला, "तुमच्याच गाडीचा हाय, डोळे झाकून घाला की." मी खरंच झाकले. पावतीवरही नुसतं ‘वापरलेला गियर बॉक्स, 1 नग’.

बॉक्स बिनतक्रार बसला. हायवेला ॲव्हरेज वाढलं म्हणून मी चार जणांना फुशारकीनं सांगितलंही! पण तवंदी घाटात चौघं बसले की दुसऱ्या गियरवर गाडी धापा टाकायची. गॅरेजवाल्यानं क्लच प्लेट बदलायला लावली. आणखी 4,500 गेले, धाप तशीच.

शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी बॉक्स उतरवला. इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्यावर, जुनी क्लच प्लेट चढवली, तीच फिरवायची मूठ. एका बाजूचा ॲक्सल, म्हणजे चाकाकडे जाणारा दांडा, मला घट्ट धरायला लावला, दुसऱ्यावर खडूची खूण केली. एक बाजू अडवली की दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे दुसरी दुप्पट फिरते, हे विसरलं की हिशेब निम्म्यानं चुकतो. माझ्या मॅन्युअलमध्ये पहिल्या गियरचं प्रमाण 3.545 आणि फायनलचं, म्हणजे चाकांकडच्या शेवटच्या गियर-जोडीचं, 4.105. गुणाकार 14.55, म्हणजे चाकांच्या एका फेरीला इनपुटच्या तेवढ्या फेऱ्या. मोकळ्या बाजूच्या दहा फेऱ्या म्हणजे खऱ्या पाच, त्यांना इनपुटच्या पावणे त्र्याहत्तर हव्यात. साडेबासष्टातच दहा पुऱ्या झाल्या. मला वाटलं, मोजताना चुकलो. पुन्हा मोजलं, तेच. बाकीच्या गियरलाही तूट त्याच प्रमाणात निघाली.

"गियर तुमचेच हायत," मेस्त्री म्हणाले, "फायनल येगळी. मोठ्या इंजिनाच्या मॉडेलचा बॉक्स दिसतोय."

फायनल 3.53 च्या आसपास निघाली. आकडा लहान, म्हणजे चाकाला जोर कमी. माझं छोटं इंजिन चढाला ती कुठून ओढणार?

बॉक्स घेऊन परत बेळगाव गाठलं. आधी "लागलेला माल परत नाही." मग मी क्लच प्लेट आणि खडू काढून गिऱ्हाइकांसमोर मोजायलाच बसलो. तिसाव्या फेरीला दुकानदारानं आतून दुसरा बॉक्स आणवला. क्लचचे पैसे काही मिळाले नाहीत. दुसऱ्या बॉक्सचा ॲक्सल मात्र त्यालाच धरायला लावला. पावणे त्र्याहत्तर भरल्या, तेव्हाच उचलला.