मार्कचं मॅन्युस्क्रिप्ट: कॉलेजमधल्या बायबल गटासाठी कितपत उपयोगी?

कॉलेजच्या आवारात बायबल अभ्यास गट चालवणाऱ्यांसाठी साहित्याची वाण नाही. प्रश्नांच्या तयार पुस्तिका आहेत, व्हिडिओ मालिका आहेत, अ‍ॅप तर प्रत्येकाच्या फोनमध्ये असतंच. तरीही ज्या गटात मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वाढलेली मुलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा सांगणारं बायबलमधलं पुस्तक, हातात घेणारी मुलं शेजारी शेजारी बसतात, त्या गटासाठी मार्कच्या मॅन्युस्क्रिप्टसारखं दुसरं साधन नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे मार्ककृत शुभवर्तमानाचा सलग मजकूर, सुट्या पानांवर छापलेला. अध्याय नाहीत, वचनांचे आकडे नाहीत, शीर्षकं नाहीत, तळटीपा नाहीत. अमेरिकेतल्या इंटरव्हर्सिटी या विद्यार्थी संघटनेत पॉल बायर यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रुजवली. आपण ज्यांना बायबलचा भाग समजतो ते आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात इंग्लंडचे धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांनी केली आणि नव्या करारातल्या (बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागातल्या) वचनांचे आकडे फ्रेंच मुद्रक रॉबेर एस्तिएन यांनी १५५१ साली घातले. शोधायला ते सोयीचे आहेत, पण वाचताना नको तिथे थांबवतात. आठव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आणि नवव्याचं पहिलं वाक्य एकाच बोलण्यातलं आहे. दुसऱ्या अध्यायात सुरू झालेली वादांची साखळी तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात, येशूला मारण्याच्या मसलतीवर, येऊन थांबते. मध्ये अध्याय बदलल्यामुळे ती एकसंध आहे हे वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्यासाठी फायदा याहून मोठा आहे. ‘मार्क पाच, एकवीस काढा’ म्हटलं की जुनी मुलं क्षणात पान काढतात आणि नवा मुलगा अनुक्रमणिका चाळत बसतो. पुढचा तासभर तो बोलत नाही. इथे सगळ्यांसमोर तेच पान असतं, ‘पान १२, ओळ ७’ म्हटलं की सगळे एकदमच पोहोचतात. आणि जुन्या मुलांना पाठ असलेली इतर वचनं पुढे करून चर्चा मिटवता येत नाही.

छापील प्रत घेणार असाल तर चार गोष्टी बघा. मजकूर पानाच्या एकाच बाजूला हवा. दोन्ही बाजूंनी छापून कागद वाचवला की पानं टेबलावर ओळीने मांडता येत नाहीत आणि निम्मी पद्धत तिथेच संपते. ओळींमध्ये दुप्पट अंतर, दोन्हीकडे किमान ४ सेंटिमीटर समास, आणि प्रत्येक पानावर १ पासून सुरू होणारे ओळींचे आकडे हवेत. कागद ८० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) किंवा जाड घ्यावा. त्याहून पातळ कागदावर हायलायटर पलीकडे उमटतो. खरं तर हायलायटरपेक्षा रंगीत पेन्सिली बऱ्या, एकाच शब्दावर दोन रंग चढवता येतात. अख्खा मार्क या मापात साधारण ४० ते ५० पानांत बसतो. पिन मारू नका, क्लिप लावा. स्वतः छापणार असाल तर त्या भाषांतराच्या प्रकाशकाची परवानगी आधी घ्या. बहुतेक आधुनिक भाषांतरं स्वामित्वहक्काखाली असतात आणि प्रभूच्या कामासाठी म्हणून तो नियम सैल होत नाही.

गट ६ ते ८ जणांचा ठेवा, १० च्या वर गेला की दोन टेबलं करा. बैठक ९० मिनिटांची. आधी एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा. मग २० मिनिटं प्रत्येकाने एकट्याने खुणा करायच्या: माणसं एका रंगात, ठिकाणं आणि वेळ दुसऱ्या रंगात, पुन्हा पुन्हा येणारे शब्द तिसऱ्या रंगात, आणि समासात प्रश्न. मग १५ मिनिटं दोघा-तिघांत, आणि उरलेला वेळ सगळ्यांनी मिळून. रंगांची यादी तीनच्या पुढे नेऊ नका. सात-आठ रंग दिले की मुलं रंगवत बसतात आणि वाचणं राहून जातं.

या पद्धतीत काय हाती लागतं ते याईराच्या प्रसंगात दिसतं. याईर येशूच्या पाया पडून म्हणतो, माझी लहान मुलगी मरायला टेकली आहे. वाटेत रक्तस्रावाने पीडित बाई मध्येच येते, बरी होते आणि येशूला सगळं खरं सांगते. ‘बारा वर्षं’ हे शब्द तिच्या आजाराबद्दल येतात, आणि मुलीचं वय बारा आहे हे मार्क अगदी शेवटी, येशूने जिवंत केल्यावर ती उठून चालू लागते तेव्हा सांगतो. पानं शेजारी ठेवलेली असली की कुणीतरी दोन्ही ‘बारा’ रेघेने जोडतंच. मग ‘मुली’ ही हाक सापडते: बापाने लेकीसाठी वापरलेला शब्द येशू त्या बाईसाठी वापरतो. इथे एकच प्रश्न विचारावा: ती बाई सगळं खरं सांगत होती तेवढा वेळ याईर कुठे होता? उत्तर मजकुरातच आहे. येशू तिच्याशी बोलत असतानाच मुलगी गेल्याचा निरोप येतो. हे गटनेत्याने सांगितलं तर चांगला संदेश होतो, मुलांना स्वतःला दिसलं तर ती आठवडाभर त्याबद्दल बोलत राहतात.

पद्धत फसते ती बहुतेक वेळा गटनेत्यामुळे. शांतता पसरली की त्याला घाई होते आणि तो समजावून सांगू लागतो. दोनदा असं झालं की मुलं पेन्सिल खाली ठेवून वाट बघतात. प्रश्न विचारल्यावर मनात वीसपर्यंत मोजावं. दुसरा धोका मूळ ग्रीक मजकूर किंवा भाष्यग्रंथ घेऊन येणाऱ्या हुशार विद्यार्थ्याचा. नियम पहिल्याच दिवशी सांगा: आज समोरच्या पानांत जे आहे तेवढंच. तयारीला मात्र सूट नाही. नेत्याने त्या भागाचा निदान तीन तास स्वतः अभ्यास केलेला हवा, नाहीतर चर्चा ‘तुला काय वाटतं’ यावरच फिरत राहते.

वेळापत्रकाचंही भान ठेवा. एका सत्रात अख्खा मार्क होत नाही. येशूचा शिष्य पेत्र याच्या ‘तू ख्रिस्त आहेस’ या कबुलीपर्यंतचा पहिला अर्धा भाग १० बैठकांत नीट होतो. थांबायला ती योग्य जागा आहे, कारण त्याच्या लगेच आधी दोन टप्प्यांत दृष्टी मिळालेला आंधळा येतो, आणि शीर्षकं नसल्यामुळे तो आणि पेत्र एका दमात वाचले जातात. परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवा भाग घेऊ नका.

वाचनाची अडचण किंवा अंधुक दृष्टी असलेल्यांना दाट मजकुराची सुटी पानं त्रासाची होतात. त्यांच्यासाठी मोठ्या टाइपातली प्रत आणि दोनदा मोठ्याने वाचन हवंच. पहिल्या ओळखीसाठी, स्टॉलवर किंवा चहाच्या गप्पांत, हे साधन चालत नाही, त्याला बसलेला गट लागतो. आणि पोस्टरवर ‘बायबल अभ्यास’ असं स्पष्ट लिहा. ‘नेतृत्व कार्यशाळा’ म्हणून बोलावलेला विद्यार्थी पहिलं पान बघताच फसवल्यासारखा उठून जातो, आणि त्याचं चुकलेलं नसतं.

दुसऱ्या सत्रात शेवटाकडे पोहोचाल तेव्हा प्रत आधी तपासा. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क १६:८ ला, स्त्रिया घाबरून कबरेपासून पळाल्या, तिथेच थांबतो. काही छापील मॅन्युस्क्रिप्टमध्ये पुढची बारा वचनं कोणतीही खूण न करता सलग छापलेली असतात. तसं असेल तर त्या ओळीखाली स्वतः रेघ ओढून मगच पानं वाटा.