अनुबियास, वॅलिसनेरिया की हॉर्नवर्ट? गोड्या पाण्याच्या टाकीसाठी निवड कशी करावी

माशांच्या टाकीसाठी (अ‍ॅक्वेरियम) पाणवनस्पती घेताना पानांच्या रूपाआधी दोन गोष्टी बघाव्यात: ती अन्न मुळांतून घेते की पानांतून, आणि आपल्या टाकीच्या तळाशी आहे काय.

अनुबियास आणि जावा फर्नला तळ लागतच नाही. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा, नाहीतर सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) जेलचे दोन थेंब लावून चिकटवा. मुळं खडीत गेली तर हरकत नाही, पण आडवं जाड खोड कधीच पुरू नका. ते मऊ पडून कुजतं आणि पानं देठासकट सुटून वर येतात. ही झाडं मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. अनुबियासला महिन्याला एखाद-दुसरंच पान येतं, त्यामुळे प्रखर दिव्याखाली जुन्या पानांवर शेवाळाचे ठिपके चढतात. त्याला लाकडाच्या सावलीत जागा द्या. जावा फर्नच्या पानामागच्या काळ्या पुळ्या रोग समजून पानं कापू नका, ते बीजाणूंचे पुंजके असतात. गोल्डफिश असतील तर आधी हीच दोन घ्या, कारण यांची चिवट पानं त्यांना सहसा खाववत नाहीत.

वॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरिन मुळांवर जगतात. 1 ते 3 मिमीची खडी किमान 5 सेमी जाड हवी. नुसत्या खडीत अन्न नसतं, म्हणून मुळांजवळ खताच्या गोळ्या (रूट टॅब) खोल रोवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्या. मागची भिंत लवकर झाकायची असेल तर वॅलिसनेरिया: जमिनीलगत धुमारे सोडत ती पसरते, कठीण पाणीही तिला मानवतं. मात्र पानं जिथून फुटतात तो गड्डा खडीच्या वर ठेवा आणि ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन असलेलं, पाणवनस्पतींसाठी विकलं जाणारं ‘लिक्विड कार्बन’ टाळा, त्याने तिची पानं विरघळू शकतात. क्रिप्टोकोरिन (थोडक्यात क्रिप्ट) सावकाश वाढते, कमी उजेडात तगते, पण तिला सारखं हलवलेलं खपत नाही. नव्या टाकीत आली की बऱ्याचदा सगळी पानं गळून चिखल होतो. तेव्हा उपटून फेकू नका! सडकी पानं काढा, मुळं तशीच राहू द्या. काही आठवड्यांत नवी पानं फुटतात.

हॉर्नवर्टला मुळंच नसतात. तरंगत ठेवलं तरी ते झपाट्याने वाढतं आणि पाण्यातला अमोनिया, नायट्रेट ओढून घेतं, म्हणजे शेवाळाचं अन्नच तोडतं. त्रास एवढाच की दर आठवड्याला कात्री लावावी लागते, आणि पाणी बदललं की सुईसारखी पानं झडून फिल्टरच्या तोंडाशी अडकतात.

नवी टाकी असेल तर माझा कौल हॉर्नवर्ट आणि अनुबियास या जोडीला. क्रिप्ट टाकी स्थिरावल्यावर. दिवा टायमरवर 6 ते 7 तास पुरे. कुंडीतलं रोप आणलं तर मुळांभोवतीचा लोकरीसारखा रॉकवूल चिमट्याने पूर्ण काढूनच लावा.