होमोसिस्टीन की आधी बी-१२?

बाबांच्या तळपायांना मुंग्या यायच्या, नावं आठवायला वेळ लागायचा. लॅबच्या यादीत बी-१२ होतं आणि त्याहून बरंच महाग होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातल्या एका अमिनो ॲसिडची तपासणी. "काका, हार्टसाठी हे कराच," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. आम्ही दोन्ही केलं. आज मला कुणी विचारलं, तर आधी बी-१२च सांगेन.

कारण आपल्याकडे होमोसिस्टीन वाढतं ते बहुतेकदा बी-१२ कमी पडल्यामुळे. पुण्याजवळची खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ साली आला. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५च्या वर, म्हणजे वाढलेलं निघालं. मध्यमवर्गात तर बी-१२ कमी असलेले ८१ टक्के. डाळ-पालेभाजीत फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड ते हेच जीवनसत्त्व) असतं, बी-१२ नसतं. शाकाहाऱ्याला दूध-दह्याचाच आधार, आणि चहापुरतं दूध म्हणजे काही दूध पिणं नव्हे.

बी-१२ची तपासणी स्वस्त, पण २०० ते ३००च्या दरम्यान आकडा आला की काहीच ठरवता येत नाही. बी-१२चं इंजेक्शन घेऊन गेलात तर तो उगाच फुगतो. अशा वेळी होमोसिस्टीन कामाचं: पेशींना बी-१२ खरोखर पुरतंय का, याचा अंदाज येतो. मात्र किडनी किंवा थायरॉईड बिघडलं तरी ते वाढतं. शिवाय नमुना नाजूक. रक्त तसंच ठेवलं तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन झिरपत राहतं, तासाला साधारण दहा टक्के. बाबांची सातची ट्यूब अकरापर्यंत रॅकवरच उभी होती. आकडा आला ३१. दुसरीकडे ट्यूब लगेच बर्फात ठेवली, तर २२.

आता 'हार्टसाठी'. २००६च्या 'होप-२' चाचणीत साडेपाच हजार रुग्णांचं होमोसिस्टीन बी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी उतरलं, पण हार्ट अटॅक काही घटले नाहीत. स्ट्रोक मात्र कमी झाले. चीनमध्ये रक्तदाबाच्या गोळीला फॉलिक ॲसिडची जोड दिली, तेव्हा स्ट्रोकचं प्रमाण ३.४वरून २.७ टक्क्यांवर आलं. ऑक्सफर्डला विसरभोळेपणा जाणवू लागलेल्या सत्तरीच्या लोकांत बी जीवनसत्त्वांनी मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला. म्हणजे पैसे घालायचेच तर मेंदूच्या काळजीने घाला. तरुणपणी स्ट्रोक आला असेल किंवा शिरेत गुठळी झाली असेल, तर होमोसिस्टीन टाळू नका.

बाबांचं बी-१२ निघालं १४०. शेजारच्या काकूंनी फॉलिकच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, त्या डॉक्टरांनी तिथेच बाजूला ठेवायला लावल्या: नुसत्या फॉलिकने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतल्या आत खराब होतच राहतात.