जुन्या कचेरीतून बाबांच्या जन्माची नक्कल

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याला नवीन प्रशासकीय इमारत झाली, तहसीलदार साहेब तिकडे बसायला गेले. अभिलेख कक्ष, म्हणजे आपली रेकॉर्ड रूम, मात्र अजून इंग्रजांच्या वेळच्या जुन्या कचेरीतच आहे. पोरीच्या जात पडताळणीसाठी मे महिन्यात तिथं माझ्या तीन चकरा झाल्या. काम चांगलं झालं. ज्यांना असंच काम पडणार आहे त्यांच्यासाठी लिहितो.

आम्ही तेली, ओबीसी. आम्हाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो जितका जुना तितका भक्कम. बाबा शाळेत गेलेच नाहीत, त्यामुळे दाखला नाही. राहिलं कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मरणाची नोंद ज्यात व्हायची ते. फाटकाजवळ एकानं "पाच हजार द्या, आठ दिवसांत काढून देतो" म्हटलं. एक रुपया देऊ नका. मी साध्या कागदावर अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि जेवढ्याची पावती तेवढेच पैसे गेले.

बाहेर ऊन असं की चपलेतून चटका बसत होता. आत पाय ठेवला आणि जीव थंड झाला. काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, वर सागवानी वासे आणि कवेलू, छताखाली हवेला झरोके. रेकॉर्ड ज्या खोलीत आहे तो पूर्वीचा खजिना. वसुलीचा पैसा तिथं राहायचा, म्हणून दाराला मनगटाएवढे लोखंडी गज. पैशासाठी बांधलेल्या त्या खोलीनं आमचे कागद सांभाळले. नव्या इमारतीच्या पत्र्याखाली हेच बस्ते ठेवले असते तर दहा उन्हाळ्यांत पानांचा भुगा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी मौजा, म्हणजे गाव, विचारला, अंदाजे साल विचारलं. मी म्हटलं, "साल पक्कं माहीत नाही ताई, पण बाबा पोळ्याच्या दिवशी झाले. आजी सांगायची, बैलं तोरणाखाली उभी होती." त्यांनी लाल कापडाचा बस्ता सोडला. बोटाला थुंकी लावून पान उलटणं नाही; तळहात पानाखाली सरकवून अख्खं पान उचलायचं, मग अलगद पलटवायचं. १९३६ झालं, १९३७ झालं. १९३८ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आज्याचं नाव निघालं. पुढे जात : तेली. त्यापुढे नुसतं 'मुलगा'.

माझ्या बाबांचं नाव कुठंच नव्हतं. मी घाबरलो. बाई म्हणाल्या, "असंच राहते दादा. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल नोंद देऊन येई. पोराला नाव कुठून असन?" आज्याचं नाव, गाव आणि जात एका ओळीत होती, पुढची वंशावळ शपथपत्रावर जोडता आली. त्या ओळीच्या शाईकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. त्यांनीही घाई केली नाही.

पानाच्या डोक्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' छापलेलं. वरच्या फळीवर त्याहून जुने बस्ते, त्यांवर 'जिल्हा वणी'. माझ्यापुढच्या म्हाताऱ्या बाबाजींना एका कार्यालयातून याच कारणानं परत पाठवलं होतं : "हा आपला जिल्हा नाही." बाईंनी त्यांना नीट समजावलं, ते सगळ्यांना कळायला हवं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांनी तो कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला. १९०५ पर्यंत आपला जिल्हा वणी होता, तेव्हापासून यवतमाळ. पुसद त्याच वेळी वाशीम जिल्ह्यातून इकडे आला. १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. गाव जागेवरच होतं, वरचं नाव बदलत गेलं. बाईंनी बाबाजींच्या नकलेसोबत तशी टीप लिहून दिली. ते त्यांचं काम नव्हतं, तरी केलं.

उणं तेही सांगतो. पूर्वेच्या कोपऱ्यात कवेलू फुटले आहेत, तिथल्या फळीला उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे. पावसाळ्याआधी तेवढे कवेलू बदलले तर फार खर्च नाही. काही बुकं स्कॅन झाली, पण स्कॅन करताना पानाची कड कापली गेली, आणि जातीचा रकाना नेमका कडेलाच असतो. संगणकावर दिसलं नाही म्हणून परत फिरू नका, मूळ बुक दाखवा असा अर्ज द्या. बायकांना बसायला बाक नाही, व्हरांड्यात खाली बसावं लागते.

जाताना मौजाचं जुनं नाव घरच्या म्हाताऱ्यांना विचारून जा, आमच्या गावाचं बुक 'खुर्द'मध्ये निघालं, 'बुद्रुक'मध्ये नाही. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, फार गर्दी असते. अकराला पोहोचा. मला नक्कल चौथ्या दिवशी मिळाली, शिक्का-सहीसकट.